अण्णांचं थेट बोलणं

अण्णांना ताईशी स्वतः बोलायचं होतं, मधे कोणी नको होतं, आणि सगळा घोळ त्या 'मधे कोणी नको'पासून सुरू झाला.

आता अण्णांनी स्वतः बोलायचं म्हणजे काय, तर त्यांची वाचा अर्धांगाच्या झटक्यात गेलेली. हातपायही गेलेले. राहिलं होतं डाव्या हाताचं एक बोट. त्याच्याबद्दलही डॉक्टरांनी भाऊला बाहेर बोलावून सांगितलं होतं की या बोटाच्या भरवशावर फार राहू नका, काय बोलून घ्यायचं ते बोलून घ्या. डॉक्टर हे सांगताना घड्याळाकडे बघत होते, याचा भाऊला भयंकर राग आला. घरी पोचेपर्यंत तो मनातल्या मनात डॉक्टरांना बरंच काही सुनावत राहिला. प्रत्यक्षात तो फक्त "हो डॉक्टर, थँक यू डॉक्टर" एवढंच बोलला होता.

भाऊ म्हणजे अण्णांचा धाकटा मुलगा. घरात, ऑफिसात, जिन्यात, सगळे त्याला भाऊच म्हणायचे. वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीत तो कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायचा. काट्यावर ट्रक चढला की आकडा थरथरतो, वरखाली होतो. भाऊचा प्रोग्रॅम तो आकडा मधेच पकडतो, जरा निवू देतो, आणि मग नीटनेटका करून स्क्रीनवर दाखवतो. ट्रकवाला खूश, कारखानदार खूश. खरा आकडा किती होता ते फक्त भाऊच्या प्रोग्रॅमला माहीत.

हेच काम तो घरीही करायचा, बिनपगारी. अण्णा आणि ताई, म्हणजे भाऊची थोरली बहीण, यांचं बोलणं बंद होऊन वर्षं लोटली होती. भांडण कशावरून झालं ते दोघांना वेगवेगळं आठवायचं, त्यामुळे मिटवायचं तरी कुठलं, हा प्रश्न होता. अण्णा म्हणायचे, "तिला सांग, इथली उठाठेव करू नको म्हणावं." भाऊ फोनवर सांगायचा, "अण्णा म्हणाले, आमची काळजी करू नकोस, स्वतःची तब्येत सांभाळ." ताई म्हणायची, "बरं." भाऊ आत येऊन सांगायचा, "अण्णा, ताईने तुमची चौकशी केली. आवाज भरून आला तिचा." कधी कधी तर दोन्हीकडून काहीच आलेलं नसायचं, तेव्हा तो दोन्ही बाजू स्वतःच्या पदरच्या घालायचा. यात आपण काही वाईट करतो असं त्याला एकदाही वाटलं नाही. उलट, मीच हे घर धरून ठेवलंय, असं तो बायकोला वरचेवर ऐकवायचा.

झटका आल्यावर भाऊने अण्णांसाठी पहिला प्रोग्रॅम केला तोही त्याच घाटाचा. स्क्रीनवर अक्षरांचा तक्ता. एक उजेड ओळीओळीवरून फिरतो. हव्या त्या ओळीवर आला की अण्णांनी बोटाने बटण दाबायचं, मग उजेड त्या ओळीतल्या अक्षरांवरून फिरतो, परत दाबायचं. असं अक्षर अक्षर जमवून वाक्य झालं की ते भाऊच्या स्क्रीनवर एका चौकोनात यायचं. भाऊ ते वाचून 'बोल' असं बटण दाबायचा, आणि मग कॉम्प्युटर मोठ्याने बोलायचा.

ते अण्णांचं बटण मिळवणं हीच एक चित्तरकथा. बोटाच्या हलक्या दाबाने चालणारी बटणं एका सरकारी विभागाकडे मिळतात. भाऊने फोन केला, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "पेशंटला बोलता येत नाही हे पेशंटने स्वतः आम्हाला फोनवर सांगावं लागेल."

"अहो, त्यांना बोलता येत नाही," भाऊ म्हणाला.

"तेच त्यांनी सांगायचंय. नातेवाईकांचं आम्ही धरत नाही. लोक फसवतात."

भाऊने दोन दिवस वाद घातला, वरच्या साहेबांकडे गेला, साहेबांनी पुन्हा त्याच बाईंचा नंबर दिला. शेवटी वरच्या मजल्यावरचे टेलिफोनकाका मदतीला धावले. काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, आणि तारेवर चालणारी जगातली प्रत्येक गोष्ट आपल्या अखत्यारीत येते अशी त्यांची ठाम समजूत. त्यांनी रिसीव्हर घेतला, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "नमस्कार. मला बोलता येत नाही."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या, "हेच आधी सांगितलं असतं तर?"

बटण आलं. अण्णा बोलायला लागले. आणि भाऊने लगेच त्यांच्या बोलण्याला इस्त्री फिरवायला सुरुवात केली. एकदा समोरच्या काकू बघायला आल्या. त्या पेशंटला बघायला आल्या की पेशंट बरा होईपर्यंत बसतात. अण्णांनी बराच वेळ खपून लिहिलं, 'ही कधी जाणार'. भाऊच्या चौकोनात ते आलं. भाऊने ते पुसलं, नवीन लिहिलं, बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर म्हणाला, "काकू, तुम्ही आलात, बरं वाटलं." अण्णांना कानाने कमीच ऐकू यायचं. कानातलं यंत्र उशीला लागून शिट्टी मारायचं म्हणून काढूनच ठेवलेलं. पण काकूंनी पाय वर घेऊन मांडी ठोकली, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं. त्यांना सगळं समजलं.

काकू गेल्यावर अण्णांनी पुन्हा लिहायला घेतलं. संध्याकाळ सरली तेव्हा चौकोनात आलं, 'तू मधे पडू नकोस. ताईला बोलाव. माझं मला बोलू दे.'

हे वाक्य भाऊने कॉम्प्युटरला मोठ्याने बोलू दिलं नाही. बायको शेजारीच उभी होती, तिने ते वाचलं. ती सरळ स्वयंपाकघरात निघून गेली, आणि त्याने भाऊ आणखी दुखावला. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी राबलो त्यांनी अशी पावती द्यावी? तो रागारागाने गॅलरीत जाऊन उभा राहिला. पण अण्णांचं बोट डोळ्यांपुढून हलेना, तेव्हा आत आला आणि त्याने ताईला फोन लावला.

"अण्णांना तुझ्याशी बोलायचंय."

ताई म्हणाली, "हे ते म्हणाले, की तू म्हणतोयस?"

"तेच म्हणाले," भाऊ म्हणाला. खरं सांगत असताना आपला आवाज खोटा का वाटतोय, ते त्याला कळेना.

ताई रविवारी सकाळी येणार आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाणार असं ठरलं. भाऊ कामाला लागला.

बायको म्हणाली, "अहो, एका पुठ्ठ्यावर अक्षरं लिहा. आपण एकेक दाखवत जाऊ, हव्या त्यावर अण्णा बोट हलवतील, आपण वाचू."

"म्हणजे पुन्हा कोणीतरी मधे बसून वाचायचं," भाऊ म्हणाला. "तेच तर त्यांना नकोय." मुद्दा बिनतोड होता, म्हणून तो तिने सोडून दिला. पुढे काय झालं ते बघता, बिनतोड मुद्द्यांपासून माणसाने जपून राहायला हवं.

भाऊने ठरवलं ते असं. अक्षरांचा तक्ता हा वेगळा प्रोग्रॅम करायचा. बोलणारा प्रोग्रॅम आधीच वेगळा होता. भाऊचा मुख्य प्रोग्रॅम या दोघांना फक्त सुरू करून देणार आणि बाजूला होणार. पहिल्याच्या तोंडातून निघेल ते सरळ दुसऱ्याच्या कानात, मधे चौकोन नाही, 'बोल' बटण नाही, भाऊ नाही. खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम करायची जी तयार चौकट भाऊ वापरायचा, तिच्यात हे एका ओळीत सांगता येतं. याचं आउटपुट त्याला द्या, संपलं. या धंद्यात सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला पालक म्हणतात आणि सुरू होणाऱ्यांना पोरं. पोरांनी परस्पर बोलावं आणि पालकाने कान बंद ठेवावेत, इतकी साधी गोष्ट. पण इतकी साधी गोष्ट कुठल्या घरात सरळ पार पडली आहे?

पहिल्या खेपेला कॉम्प्युटर मुका. भाऊने ती ओळ दोन्ही प्रोग्रॅम सुरू झाल्यानंतर लिहिली होती, आणि हे नातं पोरं सुरू होण्याआधीच जोडावं लागतं; एकदा ती आपापली चालायला लागली की कोणी ऐकत नाही. टेलिफोनकाका खुर्ची ओढून शेजारी बसले होतेच. "तारा उलट्या करून बघ," ते म्हणाले. भाऊने त्यांना समजावलं की काका, इथे तारा नसतात. मग काका जेवायला गेल्यावर त्याने गुपचूप जोडणी उलटी करून बघितली. बोलणाऱ्याचं आउटपुट अक्षरांच्या तक्त्यात शिरलं आणि तक्ता जागच्या जागी गोठला.

तिसऱ्या खेपेला आवाज आला. फक्त आउटपुटबरोबर तक्त्याची आतली कुरकुरही त्याच वाटेने जायला लागली. प्रत्येक प्रोग्रॅमला आपल्या अडचणी सांगायला एक वेगळी वाट असते, आणि भाऊने घाईत दोन्ही वाटा एक केल्या होत्या. त्यामुळे उजेड हलला की कॉम्प्युटर गंभीर आवाजात सांगायचा, "ओळ तीन. रकाना पाच. रकाना सहा. दाब आला नाही." भाऊ ऑफिसला गेला होता आणि बायकोला ते बंद करता येईना. दुपारभर तेच. समोरच्या काकूंना वाटलं की अण्णांचं शेवटचं आलं आणि काहीतरी वाचन चाललंय. त्या जड चेहऱ्याने आल्या आणि रकाना सहापाशी डोळे पुसत बसल्या.

भाऊने ऑफिसातून येऊन कुरकुरीची वाट बंद केली. तक्ता उघडला, 'नमस्कार' लिहिलं, वाक्य पूर्ण केलं, तक्ता बंद केला. कॉम्प्युटर म्हणाला, "नमस्कार." आणखी तीन वेळा तसंच केलं. उघड, लिही, बंद कर. दर वेळी नमस्कार. जरा उशिरा येत होता, पण बोलणारा प्रोग्रॅम फुकटातला होता, तो सावकाशच असायचा असं भाऊला वाटलं. टेलिफोनकाकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं? उलटसुलट केल्यावरच लागतं."

रविवारी ताई आली. बारीक काठाची साडी, हातात एकच पिशवी, राहायचं नाही हे पिशवीवरूनच कळत होतं. तिने चपला दाराशी अगदी बाहेरच्या बाजूला तोंड करून काढल्या. बायकोने पाणी दिलं. ताई अण्णांच्या पलंगापासून जरा लांबच्या खुर्चीत बसली. टेलिफोनकाका "तांत्रिक अडचण आली तर असावं कोणीतरी" म्हणून खिडकीपाशी बसले. भाऊने स्क्रीन अण्णांच्या तोंडासमोर आणला, स्पीकर ताईच्या दिशेला वळवला आणि सगळ्यांना नियम सांगितला. "कोणी स्क्रीनमध्ये डोकवायचं नाही. मी पण नाही. अण्णा जे बोलतील ते सरळ ऐकू येईल." आपण केवढा मोठेपणा दाखवतोय याची त्याला पूर्ण कल्पना होती. त्याने बटण अण्णांच्या बोटाखाली सरकवलं आणि तो दाराशी जाऊन उभा राहिला.

बोट हलायला लागलं. टिक. मग बऱ्याच वेळाने टिक.

सगळे स्पीकरकडे बघत राहिले. स्पीकर गप्प.

"लिहितायत," भाऊ म्हणाला. "वेळ लागतो."

टिक टिक चालू राहिली. मधेच अण्णांनी मान जेवढी वळते तेवढी वळवून ताईकडे बघितलं. ताईने त्यांच्याकडे बघितलं. अण्णांचे डोळे कशाची तरी वाट बघत होते. ताईही वाटच बघत होती. मग अण्णा पुन्हा स्क्रीनकडे वळले, बोट पुन्हा हलायला लागलं. स्पीकर गप्पच.

चहा झाला. जेवणं झाली. बायकोने अण्णांना भरवलं, तोंड पुसलं, बोट पुन्हा बटणावर ठेवलं. टेलिफोनकाकांना डुलकी लागली. भाऊला सारखं वाटत होतं की एकदा जाऊन स्क्रीन बघावा. पाय दोनदा उचललाही. पण अण्णांचं ते वाक्य आठवायचं आणि तो जागच्या जागी थांबायचा. आयुष्यात पहिल्यांदा तो मधे पडत नव्हता, आणि हे जगातलं सगळ्यात अवघड काम आहे असं त्याला वाटत होतं.

उन्हं कलली तशी टिक टिक थांबली. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

ताईने जराशी वाट बघितली, मग पिशवी उचलली. ती भाऊकडे वळून म्हणाली, "मला एवढ्या लांबून बोलावलंस. त्यांना माझ्याशी एक शब्द बोलायचा नव्हता. यावेळीही तूच बोललास ना?"

"नाही ग ताई, देवाशपथ, ते स्वतः..."

"त्यांना सांग, निघते मी."

भाऊला रडू येत होतं आणि टेलिफोनकाकांसमोर रडायचं नव्हतं. म्हणून तो तरातरा कॉम्प्युटरकडे गेला आणि त्याने अक्षरांचा तक्ता बंद करून टाकला.

आणि स्पीकर बोलायला लागला.

"ऐकू येतंय का," तो त्याच्या त्या सपाट आवाजात म्हणाला. "टेलिफोनवाल्याला घरी पाठवा."

टेलिफोनकाका दचकून जागे झाले.

"सून जीव लावते. भात मात्र कच्चा असतो."

भाऊ मटकन खाली बसला. त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता, पण उशिरा. प्रोग्रॅमची एक खोड असते. समोर माणूस वाचत असेल तर तो प्रत्येक ओळ लगेच पुढे टाकतो. पण दुसऱ्या प्रोग्रॅमला द्यायची असेल तर म्हणतो, घाई कशाला, साठू दे थोडं. साठवत राहतो, आणि डबा भरला तर, नाहीतर बंद होताना, सगळं एकदम ओततो. प्रत्येक वाक्यानंतर 'आत्ता सोड' असं त्याला एका ओळीत बजावावं लागतं. ती ओळ भाऊने लिहिली नव्हती. उघड, लिही, बंद कर. दर वेळी त्याने तक्ता बंद केला होता, म्हणून दर वेळी नमस्कार आला होता. अण्णांना कानाने ऐकू येत नव्हतं. आपण बोललो, सगळ्यांनी ऐकलं, आणि कोणीच उत्तर देत नाही, असं समजून ते सकाळपासून बोलत होते.

"आलीस," स्पीकर म्हणाला. "वाळलीस. काही तरी बोल."

ताई दाराशी उभी होती. पिशवी तिच्या हातात तशीच.

"नसेल बोलायचं तर ऐक. तुझे म्हणून भाऊ निरोप सांगायचा. ते तुझे नव्हते. तू इतकं गोड कधी बोलली नाहीस. मला कळायचं. तरी ऐकायचो."

भाऊ जमिनीकडे बघत बसला.

"माझे म्हणून तुला जे सांगितलं असेल तेही माझं नाही. मी तसलं काही म्हणालो नव्हतो. म्हणायला हवं होतं."

वाक्यांच्या मधे स्पीकर एकसारखाच थांबायचा, पण ही वेळ सगळ्यांना फार लांब वाटली.

"मला ऐकू येत नाही. जवळ येऊन बोल."

"जवळ ये."

"जवळ ये ना."

"बरं. राग आहे अजून. राहू दे."

"जा."

स्पीकर थांबला. बायकोने तोंडावर पदर धरला होता.

ताईच्या हातातून पिशवी खाली पडली. ती पलंगापाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि अण्णांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "अण्णा, मला ऐकू आलं नव्हतं. आत्ता आलं. मी आले जवळ. अण्णा, मलाही कळायचं. तुम्ही कशाला म्हणाल तब्येत सांभाळ. तरी मी फोन उचलायची, तेवढंच ऐकायला."

अण्णांनी डोळे उघडले. तिच्याकडे बघत राहिले. मग बोट हललं. टिक. टिक. पुन्हा टिक.

तक्ता बंद होता. बटणाची टिक टिक कुठेच जात नव्हती. भाऊ धडपडत उठला, कॉम्प्युटरकडे धावला, चुकीची खिडकी उघडली, ती बंद केली, बरोबर उघडली. ती उघडायला वेळ घेत होती. मागे बोट दाबतच होतं, घाईघाईने, सकाळपासून दाबलं नव्हतं इतकं जोरात. मग हळूहळू. मग त्याला बटण नीट सापडेना. मग ते बटणावरून घसरून चादरीवर पडलं.

अक्षरं स्क्रीनवर आली. उजेड पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेला, दुसरीवरून तिसरीवर. ताईने बोट उचलून पुन्हा बटणावर ठेवलं. ते तिने ठेवलं तसंच राहिलं. अण्णांचे डोळे उघडे होते, तिच्यावर होते, पण बोट काही केल्या हलेना. त्या दिवशी नाही, आणि नंतरही नाही.

"भाऊ," ताईने मान न वळवता विचारलं, "काय म्हणत होते रे ते?"

भाऊच्या ओठांवर वाक्य आलं होतं. चांगलं होतं. तिला आवडलं असतं, आणि कदाचित खरंही असतं.

"मला माहीत नाही ताई," तो म्हणाला.